मालट्रकचे दार नीट का बसत नाही? कारणे, तपासणी आणि दुरुस्ती

कापड, लाकूड, फळे, भंगार, कातडी, फर्निचर असा कोणताही धंदा घ्या, मालाची ने-आण केल्याशिवाय तो चालत नाही. आपल्यातील अनेकांच्या दारात स्वतःचा टेम्पो किंवा ट्रक उभा असतो, आणि अनेक कारागीर बांधव अशाच गाड्यांच्या डेंटिंग, वेल्डिंग आणि बॉडीच्या कामावर पोट भरतात. इंजिन, टायर आणि ब्रेककडे मालकाचे लक्ष असते. केबिनच्या दाराकडे मात्र कोणीच पाहत नाही. ते जोरात आपटले की बसते ना, मग झाले, अशी आपली समजूत असते.

ही समजूत किती महागात पडू शकते हे मी स्वतः पाहिले आहे. मालेगावहून भिवंडीला ग्रे कापडाच्या गाठी घेऊन आमची गाडी निघाली होती. दिवस आषाढातले, इगतपुरीपासून पावसाची झड. मी मधल्या जागेवर बसलो होतो आणि क्लीनर मुलगा डाव्या दाराला पाठ टेकून झोपेला आला होता. कसारा घाटात एका वळणावर ते दार खटकन उघडले. मुलाचा हात सुदैवाने समोरच्या दांडीवर होता आणि मी त्याचा सदरा धरला, म्हणून तो वाचला. चौकशी केल्यावर कळले की दार महिनाभरापासून नीट बसत नव्हते. एका मिस्त्रीने नवे लॉक घातले होते, दुसऱ्याने खांबावरची कडी खाली सरकवली होती, आणि ड्रायव्हर रोज रात्री दार दोरीने बांधत होता. खरा दोष कब्ज्याच्या झिजलेल्या पिनेत होता आणि तिकडे कोणीच पाहिले नव्हते. ती पिन आणि तिचा बुश बदलण्याचा खर्च नव्या लॉकपेक्षाही कमी आला.

त्या दिवसापासून मी हा विषय गॅरेजमध्ये उस्तादांजवळ बसून समजून घेतला. तोच येथे क्रमाने मांडत आहे.

दाराची रचना

दार तीन ठिकाणी गाडीशी जोडलेले असते. पुढच्या कडेला वर आणि खाली असे दोन कब्जे असतात. प्रत्येक कब्ज्याची एक पाटी खांबाला आणि दुसरी दाराला बसवलेली असते; मधून पिन जाते आणि पिनेभोवती बुश असतो. मागच्या कडेला दाराच्या आत लॉक असते आणि त्याच्या समोर खांबावर एक पक्की कडी किंवा खुंटी असते. मिस्त्री तिला स्ट्रायकर म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे चौकटीभोवतीचे रबर. दार बंद झाले की ते दाबले जाते आणि पाणी, धूळ व आवाज अडवते.

ही तीन कामे वेगवेगळी आहेत, हे आधी पक्के समजून घ्यावे. दाराचे वजन पेलणे आणि ते जागेवर धरणे हे कब्ज्यांचे काम. बंद झालेले दार उघडू न देणे हे लॉक आणि कडीचे काम. फट बंद करणे हे रबराचे काम. एकाचे काम दुसऱ्यावर लादले की बिघाड सुरू होतो. कब्जा सैल झाल्यामुळे दार खाली आले असताना कडी खाली सरकवणे म्हणजे रोजमेळ जुळत नाही म्हणून शेवटची बेरीज खोडून दुसरी लिहिण्यासारखे आहे. आज जुळल्यासारखे दिसते, चूक मात्र आत तशीच राहते आणि पुढे वाढते.

लॉकला दोन टप्पे असतात. दार लावताना पहिला खटका बसतो तेव्हा दार अर्धवट अडकलेले असते. दुसरा खटका बसला म्हणजेच ते पूर्ण बंद झाले. पहिला टप्पा दार एकदम उघडून माणूस बाहेर पडू नये म्हणून असतो, त्यावर गाडी चालवण्यासाठी नव्हे. आमच्या गाडीचे दार महिनाभर पहिल्याच खटक्यावर चालत होते.

आधी तपासणी, मग पाना

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करावी. खड्ड्यात एक चाक असेल किंवा माल भरलेला असेल तर चेसिस व केबिनला पीळ बसतो आणि माप चुकते. त्यानंतर पुढील क्रमाने पाहावे.

१. दार बंद करून चारही बाजूंची फट पाहावी. मागच्या कडेजवळ वरची फट रुंद आणि खालची अरुंद दिसली तर दार मागून खाली बसले आहे. जाड पुठ्ठ्याचे तुकडे फटीत घालून दोन्ही दारांची तुलना करावी. चांगले असलेले दार हेच सर्वांत उत्तम माप होय.

२. दार अर्धे उघडून मागची कड दोन्ही हातांनी वर उचलावी आणि सोडावी. दुसऱ्या माणसाने त्या वेळी कब्ज्यांवर बोट ठेवून पाहावे. पिनेत हालचाल जाणवली तर पिन आणि बुश झिजले आहेत. पाटी खांबावर सरकत असेल तर बोल्ट सैल आहेत. पाटी पक्की असून खांबाचा पत्राच हलत असेल तर तो आतून गंजला किंवा चिरला आहे; ते काम वेल्डरचे आहे, पान्याने होणार नाही.

३. दार उघडे असतानाच लॉक तपासावे. स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ हळूहळू आत ढकलावी; दोन स्पष्ट खटके ऐकू आले पाहिजेत. मग हँडल ओढावे, जीभ लगेच मोकळी व्हायला हवी. हे तपासून झाल्यावर जीभ मोकळी केल्याशिवाय दार लावू नये, नाहीतर लॉक आणि कडी दोन्ही खराब होतील.

४. कडीवरच्या खुणा पाहाव्यात. तिच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला घासून चकाकी आली असेल तर लॉक तिच्यावर सरळ येत नाही.

५. खिडकीची काच पूर्ण खाली करून दार लावून पाहावे. काच खाली असताना दार सहज बसते आणि काच वर असताना परत उसळते, असे असेल तर कब्जा किंवा कडी दोषी नाही. बंद केबिनमध्ये कोंडलेली हवा किंवा नवे कडक रबर त्याला अडवत आहे. नवे रबर काही दिवसांत दबून बसते.

६. गाडीला पूर्वी अपघात झाला असेल तर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत आणि दुसऱ्या बाजूच्या चौकटीशी ताडून पाहावेत. कर्णांत फरक आला तर चौकटच वाकलेली आहे. अशा वेळी दार हलवत बसू नये, चौकट सरळ करणाऱ्या डेंटरकडे जावे.

७. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठते, पत्रा सडतो आणि दार जड होऊन कब्ज्यांवर ताण येतो. तारेने छिद्रे मोकळी करावीत.

पुष्कळदा एवढ्या तपासणीतच काम संपते. लॉकमध्ये जमलेली धूळ आणि घट्ट झालेले जुने ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरडे करून, थोडे नवे ग्रीस लावले आणि कब्ज्यांत तेलाचे चार थेंब सोडले की दार नवे असल्यासारखे चालते.

खाली बसलेले दार उचलण्याची रीत

पिन व बुश झिजले असतील तर ते आधी बदलावेत. झिजलेल्या पिनेवर केलेले कोणतेही अॅडजस्टमेंट टिकत नाही. जुन्या काही गाड्यांत कब्जे वेल्ड केलेले असतात, तेथेही पिन व बुश बदलणे हाच पहिला उपाय आहे. कब्जा ठोकून वाकवण्याचे काम अनुभवी उस्तादानेच करावे.

पिना ठीक असून दार खाली असेल तर पुढीलप्रमाणे काम करावे.

सर्वप्रथम खांबावरील कडी काढून बाजूला ठेवावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कडी जागेवर असली की ती दाराला आपल्याकडे ओढून धरते आणि दार खरोखर कोठे लटकते आहे ते दिसत नाही. काढण्यापूर्वी कडीच्या भोवती टोकदार खिळ्याने रेघ ओढून ठेवावी. तशीच रेघ कब्ज्यांच्या पाट्यांभोवतीही ओढावी. काम बिघडले तर निदान जेथून सुरुवात केली तेथे परत येता येते.

दाराखाली, लॉकच्या बाजूला, लाकडी ठोकळे रचून त्यावर जॅक ठेवावा आणि जॅक व दार यांच्यामध्ये फळी व जाड कापड घालावे. ट्रकचे दार उंचावर असते, म्हणून ठोकळ्यांची मांडणी भक्कम हवी. दोन्ही कब्जे एकाच वेळी कधीही सैल करू नयेत. दार अंगावर आले तर हातपाय मोडेल.

आता वरच्या कब्ज्याचे खांबाकडील बोल्ट पाना लावून थोडे सैल करावेत. पाटी जोर लावल्यावर सरकेल इतपतच. खालचा कब्जा घट्ट असू द्यावा. दार वळण्यास फारच अडत असेल तर त्याचे बोल्ट पाव फेरा सैल करावेत, अधिक नाही. जॅकने मागची कड हळूहळू वर घेतली की वरचा कब्जा पुढे, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे, सरकतो. फट सारखी दिसली की बोल्ट घट्ट करावेत, जॅक काढावा आणि पुन्हा पाहावे. जॅक काढल्यावर दार किंचित खाली बसते, त्याचा हिशेब आधीच धरावा.

किती सरकवायचे, याचा हिशेब सोपा आहे. समजा दोन कब्ज्यांमधील उभे अंतर ४५ सेंटीमीटर आहे आणि कब्ज्यापासून लॉकपर्यंतचे आडवे अंतर ९० सेंटीमीटर आहे. तर वरचा कब्जा १ मिलिमीटर पुढे गेला की मागची कड २ मिलिमीटर वर येते. दार ६ मिलिमीटर खाली आले असेल तर कब्जा ३ मिलिमीटर सरकवणे पुरे. यावरून दिसेल की काम फार थोडक्याचे असते. हातोड्याचे मोठे घाव घालणारा मिस्त्री गणित न करताच काम करत असतो.

बोल्टची छिद्रे कोणत्या दिशेला लांबट आहेत, त्यावरून कब्जा कोणत्या दिशेला हलवता येतो ते समजते. काही गाड्यांत खांबाकडील बोल्टने दार वर-खाली व पुढे-मागे होते आणि दाराकडील बोल्टने आत-बाहेर होते. काहींत उलट असते. कब्ज्याची पाटी खांबाच्या मागच्या तोंडावर बसत असेल तर ती पुढे सरकवताच येत नाही. तेथे खालच्या कब्ज्याच्या पाटीखाली पातळ पत्र्याची चकती घालतात. त्यामुळे दाराचा खालचा भाग मागे जातो आणि मागची कड वर येते. वरच्या कब्ज्याखाली आधीची चकती असेल तर ती काढूनही हाच परिणाम मिळतो.

कडी बसवणे

दार कडीशिवाय हलकेच लोटल्यावर चौकटीत मधोमध आणि बाहेरच्या पत्र्याशी समपातळीत येऊ लागले की मगच कडी परत बसवावी. बोल्ट हाताने घट्ट होतील इतपतच आवळावेत. लॉकच्या जिभेला थोडे ग्रीस किंवा ओला खडू लावून दार अगदी हळू लावावे आणि उघडावे. कडीवर खूण कोठे उमटली ते दिसेल. खूण मध्यभागी येईपर्यंत कडी वर-खाली करावी. दार कडीवर चढते आहे किंवा कडीने उचलले जाते आहे असे दिसले तर ती उंची चुकीची आहे.

त्यानंतर आत-बाहेरचे पाहावे. कडी आत घेतली की दार रबरावर अधिक दाबले जाते. बाहेर घेतली की सैल राहते. दार बंद केल्यावर बाहेरून हलवले असता खडखडले तर कडी थोडी आत घ्यावी. आपटल्याशिवाय दुसरा खटका बसत नसेल तर थोडी बाहेर घ्यावी. एका वेळी १ मिलिमीटरपेक्षा अधिक हलवू नये. शेवटी बोल्ट पुरते आवळावेत. सैल राहिलेली कडी घाटाच्या एका फेरीत जागा सोडते.

रबराची परीक्षा

बिलबुकातील एक कागदाची पट्टी घ्यावी. ती चौकटीवर ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अडत अडत निघाली तर रबर योग्य दाबले जात आहे. सहज निघाली तर तेथून पाणी येणारच. दाराभोवती वीतभर अंतरावर ही परीक्षा करत जावे. मग एकाने टॉर्च घेऊन केबिनमध्ये बसावे आणि दुसऱ्याने नळीने पाणी सोडावे. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे. एकदम वरून सोडले तर ते सगळीकडे ओघळते आणि गळती कोठे आहे ते कळत नाही.

रबराला इंजिन ऑईल किंवा ग्रीस लावू नये, त्याने ते फुगते व मऊ पडते. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, टाल्कम पावडर चोळावी किंवा सिलिकॉनचा फवारा मारावा. रबर चपटे किंवा भेगाळलेले असेल तर बदलावे.

आता या कामाचे महत्त्व आणखी वाढले आहे. केंद्र शासनाच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक झाली आहे. दारच फटीचे असेल तर गार हवा बाहेर जाईल आणि डिझेल वाया जाईल.

बंद बॉडीचे मागचे दार

आमच्यासारख्या कापडवाल्यांसाठी मागचे दार केबिनच्या दाराइतकेच मोलाचे आहे. ग्रे कापडाच्या ताण्याला कांजी असते. असा माल भिजून बांधलेलाच राहिला तर त्यावर बुरशीचे डाग पडतात, आणि गिऱ्हाईक ती अख्खी गाठ परत करते.

येथे तपासणीची सोपी रीत आहे. भर उन्हात एका माणसाने रिकाम्या बॉडीत उभे राहावे आणि दुसऱ्याने बाहेरून दोन्ही दारे लावावीत. बाहेरच्याने तेथून हलू नये. आत उजेडाची रेघ दिसेल तेथे पावसात पाण्याची रेघ असणार. तेथे खडूने खूण करावी.

दोन दारांपैकी ज्याच्या कडेची पट्टी दुसऱ्यावर येते ते दार शेवटी लावावे. उभ्या दांड्याची वरची व खालची दोन्ही टोके आपापल्या खाचेत पूर्ण गेली आहेत का ते पाहावे. पुष्कळदा खालचे टोक बसते आणि वरचे मोकळे राहते. दार वरून उघडे राहते आणि पाणी तेथूनच शिरते. दांडा बसत नाही म्हणून त्याला पाइप अडकवून जोर लावू नये. आधी गाडी सपाट जागेवर घ्यावी. बॉडीचा पीळ गेला की दांडा अनेकदा आपोआप बसतो. माल भरताना गाठी दाराला रेटून लावू नयेत, वीतभर जागा सोडावी. नाहीतर दाब दारावर येतो, कब्जे वाकतात आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर गाठ कोसळते.

या गोष्टी टाळाव्यात

दार दोरीने किंवा तारेने बांधून गाडी चालवू नये. अपघात झाला किंवा आग लागली तर आतल्या माणसाला बाहेर पडता येणार नाही. दार आपटून लावण्याची सवय ठेवू नये. प्रत्येक आपटण्याने लॉक, काच आणि कब्जा तिघांचेही आयुष्य घटते. केबिनमध्ये चढताना उघड्या दाराला लोंबकळू नये, खांबाजवळच्या दांडीला धरावे. ड्रायव्हरच्या बाजूचे दार लवकर खाली बसते याचे मोठे कारण हेच आहे.

कारागीर बांधवांनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाईक "लॉक बदला" म्हणत आले तरी आधी दार उचलून पाहावे आणि खरा दोष त्याला दाखवावा. नवे लॉक विकून आज चार पैसे अधिक मिळतील. पण पिन बदलून ज्याचे दार नीट केले तो गिऱ्हाईक पुढच्या कामालाही तुमच्याकडेच येईल. आणि मालकांनी ड्रायव्हरची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. आमच्या ड्रायव्हरने दाराबद्दल मला दोनदा सांगितले होते. मी "पुढच्या फेरीला बघू" म्हणालो होतो.

महिन्यातून एकदा, गाडी धुण्याच्या दिवशी, दार उचलून पाहावे, दोन खटके ऐकावेत, कब्ज्यांत तेल सोडावे, बोल्ट तपासावेत आणि तळाची छिद्रे मोकळी करावीत. मृगाच्या आधी कागदाची आणि पाण्याची परीक्षा करावी. यास अर्धा तास लागतो. गाडीत दुसऱ्याचा माल आणि दुसऱ्याचे मूल आपल्या भरवशावर बसलेले असते. तेवढ्यासाठी हा अर्धा तास काढलाच पाहिजे.